विमानं पाडणारे सर

खांडेभराड सर बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर माणसाच्या कपाळाच्या वर, डोक्याच्या मागं कुठंतरी असायची. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मागं भिंतीवर पाल असावी. तो वळून बघायचा. मग सर म्हणायचे, "तिकडं काही नाही. तुमच्यात बघण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून वर बघत होतो." हे ते हसत म्हणत नसत. त्यामुळे समोरच्यालाही हसता यायचं नाही.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, नंतर त्यांच्याच विभागात त्यांच्या हाताखाली प्राध्यापक झालो, आणि मस्तगड भागात त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायला आलो. त्यामुळे कॉलेजातले सर आणि घरातले सर असे दोन्ही मला बघायला मिळाले. दोन्हींत फार फरक नव्हता.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मंठ्याच्या पलीकडचं माझं गाव. आमच्याकडं विमानाला 'इमान' म्हणायचे आणि त्यात काही चुकतंय हे मला अठराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सर वातावरणाचे थर शिकवत होते. ढगांच्या वर, स्थिर हवेत काय उडतं, असं त्यांनी विचारलं. मी हात वर करून मोठ्यानं सांगितलं, "इमान, सर."

सर माझ्या डोक्यावरून मागं बघत म्हणाले, "इमान माणसाच्या अंगात असतं. तुझ्यात असेल नसेल, मला माहीत नाही. आकाशात असतं ते विमान. वि. म्हण, वि." मी म्हटलं. त्यांनी मला बसू दिलं नाही. तास संपेपर्यंत ते शिकवत राहिले आणि मध्ये मध्ये थांबून माझ्याकडं बोट करत राहिले. बोट आलं की मी 'वि' म्हणायचं. कॉलेज सुटेपर्यंत पोरं मला इमानदार म्हणत. आजही विमान म्हणताना माझा 'वि' जरा जास्तच दाबून येतो.

पण ह्याच माणसानं माझ्या प्रबंधाचं पानन् पान वाचलं हेही सांगितलं पाहिजे. दुसरं कुणी वाचलं नसतं. एका पानावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, "हे तू लिहिलंस की तुझ्या बैलानं?" ते पान मी नव्यानं लिहिलं. मग पुढचं. त्या बैलाच्या जोरावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. माझे वडील सरांच्या पाया पडायला आले तेव्हा सरांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले, "माझे नका धरू. ह्याचे धरा, म्हंजे हा पळणार न्हाई." वडील हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सरांचं खरं आयुष्य विमानतळांच्या कुंपणाबाहेर होतं. त्यांना विमानांचे फोटो काढायचा नाद होता. नाद हा शब्द त्यांना आवडत नसे, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. रविवारी ते चिकलठाण्याला जायचे आणि धावपट्टीच्या टोकाला कुणाच्या तरी तुरीत घडीचं स्टूल टाकून बसायचे. दिवाळीच्या सुट्टीत नांदेड, शिर्डी, नागपूर, हैद्राबाद. उन्हाळ्यात एकदा परदेश. शारजा झालं, काठमांडू झालं, कोलंबो झालं. बँकॉकला जाऊन आले तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, सर, राजवाडा बघितला का? सर म्हणाले, "उडत असता तर बघितला असता." तिथं ते सगळे दिवस धावपट्टीजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर बसून होते. शहर त्यांनी येता-जाता टॅक्सीतून बघितलं तेवढंच.

विमान ओळखण्यात ते कधी चुकत नसत आणि दुसऱ्याची चूक कधी सोडत नसत. आमच्या प्राचार्यांनी एकदा भाषणात कुठल्याशा विमानाला बोइंग म्हटलं. सर पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि ते एअरबस होतं, त्याच्या वैमानिकाच्या मागच्या खिडकीचा कोपरा कापलेला असतो, असं त्यांनी माईक नसताना सगळ्या सभागृहाला ऐकवलं. मग खाली बसताना म्हणाले, "पुढं चालू द्या. बाकीचंही असंच असेल."

त्यांच्या फोटोत माणूस नसायचा. शिडीवरचा कामगार, खिडकीतला चेहरा, गवतातला गुराखी, काहीही आलं की तो फोटो बाद. "इमानाला चेहरा असतो" असं मी एकदा त्यांना खूश करायला म्हणालो, आणि नेमका 'वि' राहिला. त्यांनी तो उच्चार सोडून दिला हे माझं नशीब. म्हणाले, "विमानाला चेहरा असतो. माणसाला थोबाड असतं."

एवढा भारी कॅमेरा बघून आमच्या घुगे सरांनी त्यांना मुलीच्या लग्नाचे फोटो काढायची गळ घातली. सर चक्क हो म्हणाले. मांडव कॉलेजच्या मागच्या मैदानावर होता. मंगलाष्टकं संपली, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि मी बघितलं तर सरांच्या कॅमेऱ्याचं लांब नळकांडं मांडवाच्या बाहेर, सरळ आकाशात. आठ दिवसांनी त्यांनी घुगे सरांना एकच मोठा फोटो चौकटीत घालून दिला. निळं आकाश, पांढरी रेघ, रेघेच्या टोकाला विमान. घुगे सर म्हणाले, आणि पोरगी? तर म्हणे, "ती खाली आहे. ह्याच वेळी, ह्याच जागी, खाली." वर असंही म्हणाले, की लग्नं रोज लागतात, ते विमान ह्या वाटेनं क्वचित जातं.

फोटो काढण्याला ते 'पाडणं' म्हणत. ते मूळचे टेंभुर्णीकडचे. लहानपणी बांधावरच्या चिंचेवर दगड मारत असताना डोक्यावरून विमान गेलं. त्यांनी चिंच सोडून विमानाला दगड मारला. तो अर्थात लागला नाही. पुढं कॅमेरा हातात आला आणि पहिला फोटो मनासारखा निघाला तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं, "पाडलं." तेव्हापासून घरात तोच शब्द. आज कोणतं पाडलं, कुठं पाडलं, ढग आडवा आला म्हणून पाडायचं राहिलं. इंदूकाकूही तसंच बोलायच्या. सर परदेशात असले की मला ओट्यावरून सांगायच्या, "शारजात हायेत. लई पाडले म्हणे कालच्याला."

इंदूकाकू म्हणजे सरांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंना एकच गोष्ट पाहिजे होती, एकदा विमानात बसायचं होतं. ही गोष्ट गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होती, कारण त्या ती लपवत नसत. सर निघायच्या आदल्या दिवशी त्या धपाटे करायच्या, डब्यात भरायच्या आणि डब्याचं झाकण लावता लावता विचारायच्या, "मंग, ह्या वेळी मी?"

सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "तू काय करशील तिथं? विमान बाहेरून बघायची चीज हाये. आतून विमान दिसत न्हाई."

परत येताना सर त्यांना विमानातल्या साखरेच्या, मिठाच्या पुड्या आणायचे. काकू त्या एका डब्यात ठेवायच्या आणि कुणी खास पाहुणा आला की त्यातलं मीठ काकडीवर टाकायच्या. विमानातलं मीठ हाये, असं सांगून टाकायच्या. एकदा सर म्हणाले, "ते मीठ समुद्रातलंच असतं. विमानात खारवत न्हाईत." काकूंनी डबा बंद करून ठेवला.

मग एका वर्षी सर तयार झाले. कसे झाले ते मला कधी कळलं नाही. हैद्राबादला विमानांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि सरांनी दोन तिकिटं काढली. काकूंनी सगळ्या गल्लीला सांगितलं. नवीन साडी आणली, मोतिया रंगाची. बायकांनी ओटी भरली. मी गाडीत सामान ठेवत होतो तेव्हा समोरच्या आजी म्हणत होत्या, वर गेल्यावर आमचं घर दिसतं का बघ. काकूंनी मला घराची किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढून आत गेलो, तर मधल्या खोलीत काकू बसलेल्या. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. अंगावर तीच मोतिया साडी, चुरगळलेली. मी घाबरलो. मला वाटलं, सरांचं काही बरंवाईट झालं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "बोलू नको. मी हैद्राबादेत हाये."

मग त्यांनी सांगितलं. विमानतळावर तपासणीच्या रांगेत सरांची कॅमेऱ्याची बॅग उघडून बघत होते. गणवेशातली एक बाई त्यांना एवढ्या भिंगांचं काय करता म्हणून विचारत होती. काकू मागंच उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी इथवर आलेल्या, सगळ्यांशी बोलावंसं वाटत होतं, नवऱ्याचा मोठेपणा सांगावासा वाटत होता. बाई हिंदी बोलणारी होती म्हणून काकूंनी हिंदीत सांगितलं, "हमारे साहब बहुत विमान गिराए. इधर भी गिराए, परदेस में भी गिराए. अब हैद्राबाद में गिराने जा रहे."

दोघांनाही बाजूला घेतलं. वेगवेगळं बसवलं. पुढचं काकूंनी माझ्याकडं न बघता सांगितलं. तिथल्या साहेबानं सरांना विचारलं, ह्या बाई काय म्हणतायत? आपण फोटो काढण्याला पाडणं म्हणतो, एवढंच सांगायचं होतं. शब्द सरांचाच होता. पण सरांना कॅमेऱ्याची काळजी पडली. ते म्हणाले, "इसका दिमाग बराबर नहीं."

मध्ये नुसती काच होती, पलीकडं बसलेल्या काकूंना ते ऐकू आलं.

त्यानंतर काकूंना बराच वेळ प्रश्न विचारले. शेवटी परभणीकडचा एक जवान आला आणि मराठीत म्हणाला, "मावशी, पाडले म्हंजे कशानं पाडले?" काकू म्हणाल्या, "कशानं म्हंजे? कॅमेऱ्यानं." तो जवान हसायला लागला, मग साहेबही हसले, चहा मागवला. पण तोवर विमान गेलं होतं. संध्याकाळच्या विमानात एकच जागा शिल्लक होती. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. सरांनी ती जागा घेतली. काकूंना बसस्टँडपर्यंत रिक्षा करून दिली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, जालन्याच्या गाडीत बसव.

"गल्लीनं वाटंला लावलंय मला," काकू म्हणाल्या. "अशी कशी तोंड दाखवू? ते येईस्तोवर मी हैद्राबादेतच हाये. तू तुळशीला पाणी घाल आन् कुलूप लावून जा."

मी दूध आणू का विचारलं. नको म्हणाल्या, बंद घरात दूध गेलेलं दिसतं. धपाटे होते, ते खाऊन राहिल्या. सर येईपर्यंत मी रोज तुळशीला पाणी घालायला गेलो. रोज काकूंनी मला एकच विचारलं. मी एकदा दिल्लीला प्रशिक्षणाला विमानानं गेलो होतो, म्हणून त्या म्हणायच्या, आत कसं असतं ते सांग. मी सगळं मनापासून सांगितलं. पट्टा कसा लावतात, कान कसे दडतात, ढग खाली कसे दिसतात, पाणी कोण देतं. काकू डोळे मिटून ऐकायच्या आणि एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावायच्या.

सर परतले, सामानासह दारात उतरले, आणि काकू गल्लीच्या नकळत मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं त्यांच्याबरोबर घरात शिरल्या. सरांनी त्याला हरकत घेतली नाही. बायका आल्या. कसं होतं? काकू म्हणाल्या, छान होतं. ढग खाली असतात. आपलं घर न्हाई दिसलं, ढग आडवे आले. सर आतल्या खोलीत भिंगं पुसत होते. ते काही बोलले नाहीत. मला तेव्हा ते फार बरं वाटलं. हा माणूस एवढं तरी करतो, असं मी माझ्या बायकोला सांगितलंही.

काकू सांगत राहिल्या. संक्रांतीला, बारशाला, भाजी निवडताना. प्रत्येक वेळी त्यांच्या विमानात काहीतरी नवीन यायचं. सर घरात असले की ऐकायचे, आणि त्यांचा जबडा हलताना मला दिसायचा.

महालक्ष्म्यांच्या हळदी-कुंकवाला काकूंच्या बैठकीत गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मी बायकोबरोबर प्रसादाचं ताट पोचवायला गेलो होतो आणि दारातच थांबलो होतो. गल्लीत नवीन आलेली एक सून पहिल्यांदा विमानानं नवऱ्याकडं जाणार होती आणि तिला भीती वाटत होती. काकू तिला समजावत होत्या. पट्टा घट्ट लाव, घाबरायचं न्हाई, कानात दडे बसले की गोळी चघळ. आणि मग म्हणाल्या, "लई कोंदट वाटलं तर खिडकी सरकव जराशी. मी तसंच केलं. असला गार वारा लागला."

खिडकीचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. काकूंनी ते एसटीतून उचललं होतं. आमच्याकडं गाडीत बसलं की माणूस आधी काच सरकवतो.

आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला. वर्गातला होता, तोच. "विमानाची खिडकी उघडत नसते." इथं ते थांबले असते तर हसण्यावारी गेलं असतं. पण सर उठून दारात आले आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "आणि ही विमानात बसलेलीच न्हाई. हिला मी बसनं परत पाठवली होती. तीन दिवस घरात लपून बसली होती. त्या दिगंबरला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. काकूंच्या हातात कोयरी होती. एका बाईला कुंकू लावायचं राहिलं होतं. काकू पुढं झाल्या, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, वाण दिलं, आणि म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते." चहा ठेवला. बायकांनी तो घेतलाही.

त्यानंतर गल्लीत त्यांना हैद्राबादवाली म्हणू लागले. समोरून जाणारी पोरं ओरडायची, काकू, खिडकी लावा, वारा येऊन राह्यला. ज्या बायकांनी ओटी भरली होती त्याच जास्त हसायच्या, कारण त्यांना वाटत होतं आपल्याला फसवलं. काकू ओट्यावर बसेनाशा झाल्या. मला एकदा गल्लीच्या तोंडाशी भेटल्या तेव्हा मी सरांबद्दल काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "खिडकीचं माझंच चुकलं."

सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी कॉलेजला उणीदुणी ऐकवली आणि हार गळ्यात न घेता हातात घेतला. त्यानंतर काही महिन्यांनी ते माझ्या घरी आले. ते आपणहून कधी येत नसत. मोबाईलवर दोन तिकिटं काढून दे म्हणाले, हैद्राबादची. एक खिडकीजवळची पाहिजे. मी काढली, कागदावर छापून दिली, आणि ते देताना त्यांच्याबरोबर घरात गेलो, कारण त्यांनी मला चल म्हटलं. मला वाटतं त्यांना एकट्यानं जायचं नव्हतं.

काकू गहू निवडत होत्या. सरांनी कागद त्यांच्यापुढं धरला.

"कुणाचं हाये?"

"तुझं. आपल्या दोघांचं."

काकूंनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मी जाऊन आलेय."

"इंदू, वेडेपणा करू नको."

"वेडीच हाये. साहेबाला तुम्हीच सांगितलं की. पण मी जाऊन आलेय. दुसऱ्यांदा कशाला खर्च?"

सर तसेच उभे राहिले. मी पहिल्यांदा त्यांना एखाद्या माणसाच्या तोंडाकडं सरळ बघताना बघितलं. काकूंनी मान वर केली नाही. त्या गहू निवडत होत्या आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाऊन आलेलं माणूस जसं सांगतं तसं त्या सांगत होत्या.

तिकीट रद्द करू का, असं मी नंतर विचारलं. सर म्हणाले, "राहू दे. येईल." जायच्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत पुढं बसले आणि मला गाडी सुरू करू देईनात. गल्ली जागी झाली, दूधवाला येऊन गेला. घराचं दार उघडं होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर कुणी आलं नाही. मग म्हणाले, "चल."

चिकलठाण्याला पोचलो. विमानतळावर मी त्यांची बॅग उतरवून दिली आणि कठड्याच्या अलीकडं उभा राहिलो. दारावर बंदूकवाला तरुण जवान होता. त्यानं कागद घेतला, ओळखपत्र बघितलं, सरांकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं.

"दो पॅसेंजर हैं. दूसरा किधर?"

मागं रांग खोळंबली, कुणीतरी ट्रॉली ढकलली. त्यांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग त्या जवानाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "वो जाके आई."

मस्तगडातलं तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जवानाला काही कळलं नाही. त्यानं मान हलवली, कागद परत दिला आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.